शेवटच्या रकान्यातला माणूस

अन्याय झाला तो आमच्या टीम-लीडवर. गुरुवारी, दुपारी चार वाजायला दहा मिनिटं असताना, मरोळच्या आमच्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर. पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिला धडा हाच असतो की कोणावर, कधी, कुठे आणि कोणी केला हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, कारण वाचणारा दुसऱ्यापर्यंत टिकेल याची खात्री नसते. तर कोणी केला तेही सांगून टाकते. मी केला. एकाच बाजूला छापलेला ए-फोर कागद, साठ प्रती, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून.

मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. फीवाढीवर लिहिलंय, हॉस्टेलच्या पाण्यावर लिहिलंय, एकदा तर लायब्ररीतल्या पंख्यावर दोन पानं लिहिली होती. नोकरी लागली तरी खोड गेली नाही. आयटीत काम करणाऱ्यांची एक संघटना आम्ही काढली. तिच्यात नऊ जण होते. त्यातल्या चौघांनी ग्रुप म्यूट केला होता आणि एक जण कॅनडाला गेला होता. मी सरचिटणीस, कारण दुसरं कोणी तयार झालं नाही. माझ्या डोक्यात मात्र असं होतं की अंधेरी पूर्वेचा समस्त सॉफ्टवेअर कामगार माझ्या पुढच्या पत्रकाची वाट बघत उभा आहे. तो उभा होता खरा. रिक्षासाठी.

आता आमचे लीड. नाव लिहीत नाही, त्यांनीच मना केलंय. कंपनीचा नियम असा होता की साहेबालाही नावानेच हाक मारायची, म्हणजे सगळे समान आहेत असं वाटतं. ह्या एका माणसाला नावाने हाक मारायला कोणाचीच जीभ वळायची नाही. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. पंचेचाळिशी ओलांडलेले, घाटकोपरच्या चाळीत वाढलेले, मूळ कणकवलीकडचे. एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे, पण मनातलं काही बोलायचं झालं की मालवणी बाहेर यायची. खिशात पेन्सिल असायची. टेबलाच्या खणात रबरी चपला असायच्या, त्या ते ऑफिसात आल्या आल्या घालायचे, आणि परदेशी क्लायंट व्हिडिओवर समोर असला तरी बदलायचे नाहीत. क्लायंटला पाय दिसत नाहीत, असं त्यांचं साधं म्हणणं.

आमचं काम पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाईलवर पोचवणारं सॉफ्टवेअर सांभाळायचं. टीम सात जणांची. रोज सकाळी उभ्याने मीटिंग असते, काल काय केलं, आज काय करणार, हे प्रत्येकाने सांगायचं. सगळीकडे असते. आमच्याकडे ती एका बंद पडलेल्या यूपीएसच्या बॅटरीवर चालायची. ज्याला बोलायचंय त्याने ती बॅटरी दोन्ही हातांत उचलून धरायची आणि मग बोलायचं. हात भरून आले की बोलणं संपलं. बाकी कुठलाच नियम नव्हता. प्राची, आमच्यातली सगळ्यात सीनियर, दोन वाक्यांत आटपायची. मी नाही. मला कालचं काम सांगताना त्यामागची व्यवस्थाही सांगायची असायची. चार महिन्यांत माझे दंड असे झाले की आई विचारायला लागली, ऑफिसात नेमकं काय करतेस. भाऊ बॅटरीखाली हात धरून उभे राहायचे, माझ्या पायावर पडू नये म्हणून. थांबवलं मात्र त्यांनी कधीच नाही.

दुसरी त्यांची तऱ्हा म्हणजे नावबंदी. सिस्टिम बसली की ते मनगटावरचं घड्याळ काढून खणात टाकायचे आणि सांगायचे, आता चालू होईपर्यंत कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाय. मग जे काय घडलेलं असेल ते 'कोणीतरी' केलेलं असायचं. कोणीतरी फाईल उडवली, कोणीतरी विसरलं, कोणीतरी बघितलंच नाही. नंतर वरती जो रिपोर्ट जायचा तो इंग्रजीत असायचा, पण त्यातही सगळीकडे हा कोणीतरीच. मला ह्याचा संताप यायचा. जबाबदारी ठरली पाहिजे, मी म्हणायचे, झाकपाक नको. हे मी म्हणत होते ते पहिल्या वर्षी, म्हणजे तो कोणीतरी मी होईपर्यंत.

त्याचं असं झालं. नवीन काही बनवलं की तपासायला मेसेजमध्ये काहीतरी मजकूर घालावा लागतो. लोक 'टेस्ट टेस्ट' लिहितात. मी घोषणा लिहायचे. एका सकाळी मी चाचणीच्या सिस्टिमवर आहे असं समजून खऱ्या सिस्टिमवर बटण दाबलं, आणि थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिनच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या शेकडो माणसांना लॅबच्या नावाने मेसेज गेला: 'आता सहन करू नका. रस्त्यावर उतरा.' मुलुंडच्या एका आजोबांनी लॅबला फोन करून विचारलं की साखर एवढी वाढली आहे का. एक बाई खरंच उतरल्या. रिक्षा करून थेट हॉस्पिटलात.

भाऊंनी घड्याळ काढलं. आम्हा सगळ्यांना यादी वाटून दिली आणि आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत फोन करून माफ्या मागत होतो. त्या आजोबांना भाऊंनी स्वतः फोन केला. वीस मिनिटं बोलले, शेवटी त्यांना कारल्याच्या रसाबद्दल काहीतरी सांगत होते. रिपोर्टात लिहिलं, कोणीतरी चाचणीचा मजकूर खऱ्या लोकांना पाठवला. तसा पाठवता येत होता ही खरी चूक, आणि ते दार उघडं ठेवलं ते मी. खाली त्यांचं नाव.

दुसऱ्या कोणी पाय धरले असते. मी भांडायला गेले. म्हटलं, माझी चूक माझ्या नावावर का नाही? त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, नाव लावून तू परत ते बटण दाबणार नाहीस काय? दाबशीलच. मी आता बटणच काढलंय. मला वाटलं हा माणूस मला लहान समजतो. खरं कारण आज लिहिते: मला दोषसुद्धा मोठ्या अक्षरात हवा होता.

आता ज्या गोष्टीसाठी हा कागद काळा करतेय ती. आमच्या कंपनीत दर सहा महिन्यांनी प्रत्येक लीडला एक तक्ता भरावा लागतो. टीममधल्या प्रत्येकाचं नाव कुठल्यातरी रकान्यात घालायचं. पहिला रकाना उत्तम, मग चांगला, मग ठीक, आणि शेवटचा 'अपेक्षेपेक्षा कमी'. शेवटच्या रकान्यात एक नाव असलंच पाहिजे. टीम कितीही चांगली असो, एक नाव. त्या माणसाला तीन महिन्यांची 'सुधारणा योजना' मिळते, आणि सुधारून परत आलेला माणूस आमच्या मजल्यावर कोणी बघितलेला नाही.

भाऊंनी हा रकाना दोन वर्षं फसवला होता. एकदा टीममधल्या एकाला दुसरीकडे नोकरी लागलीच होती, तर त्याला विचारून त्याचं नाव घातलं. तो खूश झाला, आम्ही त्याचा निरोप आणि बदनामी एकाच केकवर उरकली. दुसऱ्या वेळी एक जागा भरायची राहिली होती, तर भाऊंनी त्या रिकाम्या जागेलाच शेवटच्या रकान्यात बसवलं आणि शेरा मारला की सहा महिन्यांत एकही काम पूर्ण केलेलं नाही. हा शेरा वरती कोणी वाचला नाही. पुढच्या दोन खेपा त्यांनी कशा काढल्या ते मला आजही माहीत नाही. त्या वर्षी मात्र टीम भरलेली होती आणि कोणी सोडून चाललेलंही नव्हतं. गुरुवारी चार वाजता वरच्या मॅडमसोबत मीटिंग होती. मॅडम म्हणजे आमच्या आणि आणखी पाच टीमच्या प्रमुख. त्या मीटिंगमध्ये एक नाव द्यायचं होतं, हे अख्ख्या मजल्याला माहीत होतं.

मंगळवारी मला वही सापडली. सापडली म्हणजे भाऊ जेवायला गेले होते आणि ती टेबलावर उघडी होती. पुठ्ठ्याची शाळकरी वही. कामाचं काहीतरी असेल म्हणून बघायला गेले, आणि बघतच राहिले. एकेका माणसाचं नाव, आणि पुढे पेन्सिलीने बारीक अक्षरात त्याच्या घरचं. कोणाच्या वडिलांचं डायलिसिस मंगळवार-शुक्रवार. कोणाचं सासूशी वाजलंय, सोमवारी वाद घालू नये. ऑल्विनच्या नावापुढे चार ओळी होत्या. ऑल्विन आमच्यातला सगळ्यात शांत माणूस, गोराईचा, बोरिवलीहून रोज खाडी ओलांडून बोटीने घरी जाणारा. त्याच्यापुढे लिहिलं होतं: दोन महिने झोप नाही. गोळ्या सुरू. सध्या जड काम देऊ नये, पण त्याला जाणवू देऊ नये. गोराईची शेवटची बोट, संध्याकाळचं रिलीज ह्याच्यावर नको. रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायचं काम, ते रात्रीपर्यंत लांबतं.

मी फोन काढून फोटो घेतला. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळाही तयार झाला होता: 'तुमचं आयुष्य कोणाच्या वहीत आहे?' गुरुवारी नाव द्यायचंय, मंगळवारी वही भरतेय, म्हणजे ही त्या शेवटच्या रकान्याची तयारी. कोण आजारी, कोण अडचणीत, कोणाला आधी कापायचं. सगळं चोख जुळत होतं. पत्रक लिहिणाऱ्याला जुळलेली गोष्ट दिसली की त्याची भूक मरते. मी त्या दिवशी जेवले नाही.

एक गोष्ट पत्रकात नव्हती, ती इथे टाकते. वहीत मीही होते. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: हिला मी आवडत नाही. काही बाबतीत तिचं बरोबर आहे. नको इतकं काम मागते, घरी जायला टाळते. का?

तो 'का' माझ्या मस्तकात गेला. मी कांदिवलीला आईबरोबर एका खोलीत राहते आणि ती माझ्याशी दोन महिने बोलत नव्हती, हे मी जगात कोणालाही सांगितलेलं नव्हतं. त्या माणसाने नुसतं बघून प्रश्न घातला होता. पत्रक मी कामगारांच्या खाजगीपणाच्या हक्कासाठी लिहिलं असं त्यात तीनदा म्हटलंय. लिहिलं ते त्या एका अक्षरासाठी.

बरं, मी बेजबाबदार नव्हते. संघटनेची सरचिटणीस होते. फोटो छापण्याआधी जाड काळ्या मार्करने सगळी नावं खोडली. एकेक नाव दोनदा खोडलं. मागून उजेडात धरून बघितलं. आणि गुरुवारी दुपारी, चारला दहा कमी असताना, साठ प्रती घेऊन प्रत्येक टेबलावर एकेक ठेवली. मॅडमच्या केबिनमध्येही एक. ताठ मानेने ठेवली.

पाच मिनिटांत प्राची माझ्या खुर्चीपाशी आली. तिच्या हातात पत्रक होतं. हळू आवाजात म्हणाली, "तू नाव खोडलंस. बोट नाही खोडलीस."

आमच्या ऑफिसात मीरा रोडचे, ठाण्याचे, डोंबिवलीचे, पार बदलापूरचे लोक आहेत. बोटीने घरी जाणारा माणूस सबंध इमारतीत एक.

मी मान वर केली तेव्हा ऑल्विन उभा होता. पत्रक वाचून झालं होतं. त्याने ते चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि परत खाली बसून काम करायला लागला. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होते की तेच दिसत होतं.

चार वाजता भाऊ मीटिंगला गेले. रबरी चपलांवरच. पुढच्या सहा महिन्यांच्या कामाचा आराखडा दाखवायला प्राचीही आत होती, म्हणून आत काय झालं ते कळलं. भाऊंनी म्हणे आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की ह्या वेळी ते नाव देणार नाहीत आणि का देणार नाहीत त्याचे कागद घेऊन येतील. जाडजूड फाईल होती. ती उघडायची वेळच आली नाही. मॅडमनी माझं पत्रक पुढे सरकवलं. शांतपणे म्हणाल्या की नाव शोधायला आपण एवढे त्रास घेतोय, आणि तुमच्याच अक्षरात लिहिलंय की एका माणसाला पूर्ण काम झेपत नाही. तो कोण ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. मग अडतंय कुठे?

मी, कामगारांची कैवारी, साठ प्रतींत ऑल्विनचं नाव शेवटच्या रकान्यात घालून दिलं होतं. नुसती सही करायची बाकी होती.

प्राची सांगत होती की भाऊंनी तो कागद उचलून मार्करच्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नाव खोडलंय ना? ते माझं आहे."

मॅडमना आधी कळलं नाही. भाऊंनी समजावून सांगितलं. वहीत ते स्वतःबद्दलही लिहितात. दोन महिने झोप त्यांना नाही. गोळ्या त्यांना सुरू आहेत. जड काम घ्यायचं नाही असं त्यांनीच ठरवलंय आणि टीमला जाणवू दिलेलं नाही. मॅडमनी विचारलं, आणि बोट? भाऊ म्हणाले, गोराईला माझी मावशी असते, आजारी आहे, मी जाऊन येऊन असतो. मॅडमनी विचारलं की 'ह्याच्यावर' असं का लिहिलंय, 'माझ्यावर' का नाही. भाऊ म्हणाले, मी स्वतःला असंच हाक मारतो, घरात सगळे हसतात.

कणकवलीच्या माणसाची मावशी गोराईला कशी, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. एक मात्र खरं: मी ते नाव दोनदा खोडलं नसतं तर ही थाप मारायला जागाच नव्हती. माझ्या अख्ख्या सार्वजनिक जीवनातलं ते सगळ्यात उपयोगी काम, आणि ते मार्करने केलं.

शेवटच्या रकान्यात भाऊंचं नाव गेलं. लीडचंही जाऊ शकतं, तसा नियम होता, कोणी वापरला नव्हता. टीम त्यांच्याकडून काढून घेतली आणि तीन महिन्यांची सुधारणा योजना हातात दिली. दर शुक्रवारी त्यांनी लिहून द्यायचं होतं की ह्या आठवड्यात काय सुधारलं. ते मन लावून लिहायचे. पहिल्या आठवड्यात लिहिलं, झोप थोडी लागली. तिसऱ्या आठवड्यात लिहिलं, मावशीला उतार आहे. आठव्या आठवड्यात मावशी बाजारात जाऊन आली. एचआरमधल्या मुलीने हे सगळं जपून फायलीत लावलं.

मी पत्रकाच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, माफी मागायला गेले होते. पूर्ण भाषण तयार होतं. त्यांनी मला बसवलं आणि माझं पत्रक समोर ठेवलं. त्यावर पेन्सिलीने शेरे होते, आमच्या कोडवर मारायचे तसे, सगळे प्रश्न. 'ही ओळ वर का नाही?' 'हाच मुद्दा परत का?' आणि वहीच्या फोटोशेजारी गोल करून, 'कोणाक इचारलंस?'

मी म्हटलं, कोणालाच नाही.

"ताच तां," ते म्हणाले. "ऑल्विनाक इचारूचा होता. माका इचारूचा होता. मी काय खातंय तुका?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, मधे एकदा उठून पाणी आणलं. मग म्हणाले की पत्रकातलं एक म्हणणं मात्र सोळा आणे बरोबर आहे. लोकांच्या घरचं त्यांना न विचारता लिहून ठेवायचं नसतं. आणि ठेवलं तर टेबलावर ठेवायचं नसतं. वही त्यांनी फाडून टाकली होती. आता डोक्यात ठेवतंय, म्हणाले, थोडा इसारतंय. त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं ह्याचा मला त्या क्षणीही, नाक पुसता पुसता, थोडा आनंद झाला होता. ही माझी लायकी.

ऑल्विनपाशी जायला मला आणखी आठवडा लागला. तो चिडला नाही, ते फार वाईट होतं. म्हणाला, "मला विचारलं असतंस ना, तर मी हळूहळू सांगणारच होतो सगळ्यांना. आता माझ्याकडे सांगायला काय ठेवलंस?"

तीन महिन्यांनी भाऊ गेले. आता ते मुलुंडला शाळेच्या बस कुठवर पोचल्या ते पालकांना कळवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहेत. टीम वगैरे नाही. एकटे बसून दुसऱ्यांचं काम तपासतात. आणि ते जायच्या आधीच, टीम काढून घेतल्यावर महिन्याभरात, आमचं लीड कोणाला केलं असेल? मला. मॅडम म्हणाल्या, तुझ्यात पुढाकार दिसतो.

लीड होऊन मला आता पाचवा महिना आहे, माझ्या जागी टीममध्ये एक नवीन मुलगा आलाय. मला वाटायचं लीड म्हणजे काम वाटून देणारा माणूस. काम वाटणं सोपं असतं, ते मशीनही करतं. अवघड हे की तुम्हाला सात माणसं रोज सकाळी दिसतात, आणि त्यांतलं कोण आज अर्धंच आलंय हे ओळखून ते ओळखलंय असं दाखवायचं नसतं. मी पहिल्या महिन्यात एकाला सरळ विचारलं, तुझं घरी काही बिनसलंय का, मला सांगू शकतोस. तो दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकून गेला. मी बॅटरीही बंद करून बघितली, अमानुष आहे म्हणून. मीटिंग पन्नास मिनिटं चालायला लागली. त्यातली चाळीस माझी. शेवटी टीमनेच मत घेऊन बॅटरी परत आणली, माझ्याविरुद्ध सात शून्य. माझ्या आयुष्यातली ती पहिली यशस्वी संघटित कारवाई.

आणि गेल्या आठवड्यात तक्ता आला. सात नावं, चार रकाने. येत्या सोमवारी द्यायचाय. ऑल्विन आता बरा आहे, पण 'ठीक' आणि 'कमी'च्या मधे कोणाला ढकलायचं झालं तर मॅडमचं बोट कुठे जाईल ते मला ठाऊक आहे. त्यांच्या ड्रॉवरमध्ये माझं पत्रक अजून आहे.

मी रविवारी मुलुंडला भाऊंच्या घराखाली गेले. भाऊ खाली आले, आम्ही बागेच्या कठड्यावर बसलो. मी सांगितलं की मी ठरवलंय, शेवटच्या रकान्यात माझंच नाव घालणार. मला वाटलं ते पाठ थोपटतील. त्यांनी कपाळाला हात लावला.

"गो बाय, मी तांच केलंय. मी एकट्यान केलंय." मग माझ्याकडे वळले. "मी गेलंय. रकानो थंयच आसा."

बस, एवढंच. मग माझ्या आईची चौकशी केली. मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणालातरी सगळं सांगितलं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

घरी येताना मला कळलं की ह्या माणसाची आम्ही सगळे जी तारीफ करत होतो, मोठ्या मनाचा, स्वतःवर घेणारा, ती तारीफ कंपनीच्या किती सोयीची होती. एक भला माणूस दर खेपेला स्वतःला त्या रकान्यात घालणार, आणि रकाना शाबूत राहणार. एका लीडने तो कोरा ठेवला तर ते वेड ठरतं. सगळ्या सहा लीडनी ठेवला तर मॅडमना वरती जाऊन सांगावं लागेल की तक्ता भरला गेला नाही, आणि का.

तर ह्या खेपेला मी विचारून लिहितेय. भाऊंना विचारलं; नाव नको म्हणाले, बाकी लिही. प्राचीला विचारलं. ऑल्विनला हा मजकूर आधी दाखवला. त्याने त्याच्या आजाराबद्दलची दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत. बाकीच्या लीडपैकी तिघांशी बोलले. एक हो म्हणाला, एक बघू म्हणाली, एकाने मला चहा पाजून विषय बदलला. उरलेल्या दोघांकडे उद्या जाणार. मी लांबण लावीन ह्याची त्यांना कल्पना आहे.

आता तुम्ही. तुमच्या ऑफिसातही असा रकाना आहे, त्याला नाव दुसरं असेल. तुम्ही लीड असाल तर ह्या खेपेला तो कोरा ठेवा. स्वतःचं नावही घालू नका, त्यात मोठेपणा नाही. आणि कोरा ठेवणार आहात हे शेजारच्या टीमच्या लीडला आजच तोंडाने जाऊन सांगा, मेसेज नको. तुम्ही लीड नसाल तर उद्या सकाळी तुमच्या लीडसमोर जाऊन उभे राहा आणि विचारा, शेवटच्या रकान्यात कोणाचं नाव घालणार आहात. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.